काय आयकलं, बोलून दाखव

सकाळची पहिली तासिका सुरू व्हायची होती. पांढरकवड्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी संगणक शिकवतो. मुलं यंत्रांवरची झाकणं काढत होती आणि खिशातला फोन वाजला. आर्णीहून वहिनींचा होता. वहिनी आपणहून कधी फोन करत नसत. फोनवर त्यांचा भरोसा नव्हता. "इंदल," त्या म्हणाल्या, "तुहे भाऊ गेले." मग नेहमीच्याच आवाजात त्यांनी विचारलं, "काय आयकलं, बोलून दाखव." मला ते बोलावं लागलं. मुलं माझ्याकडे बघत होती आणि मी फोनमध्ये म्हणालो, "भाऊ गेले." "हव," वहिनी म्हणाल्या, "ये मंग." आणि फोन ठेवला.

बाहेरच्या माणसाला हे कठोर वाटेल. पण त्या घराची ती रीत होती. सांगितलेलं ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवायचं, तोवर ते सांगितलं असं धरायचंच नाही. बाजारातून काय आणायचं, गॅसवाला कधी येणार, परीक्षा कोणत्या दिवशी… सगळं परत बोलून दाखवायचं. ही रीत भाऊंनी आपल्या कामावरून घरात आणली होती. त्या दिवशी एसटीत बसल्यावर मला वाटलं, वहिनींनी मला ते वाक्य बोलायला लावलं नसतं, तर मी कदाचित आर्णीपर्यंत त्यावर विश्वासच ठेवला नसता.

भाऊ म्हणजे मनोहर रामटेके, वीज कंपनीतले लाइनमन. ते माझे रक्ताचे कोणी नव्हते. मी फुलसावंगीजवळच्या एका तांड्यावरचा. आई-वडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे, आणि कॉलेजची पायरी चढणारा आमच्या घरातला मी पहिला. आर्णीत खोली शोधत फिरलो तेव्हा तांड्यावरचा आहे म्हटलं की समोरची माणसं गोड बोलून दार लावून घेत. भाऊंनी कोणाचा, कुठला काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "घरातली एखादी वस्तू तुह्या हातून बिघडली, त सांगशील का लपवशील?" मी म्हणालो, सांगीन. "काय सांगशील? बोलून दाखव." मी गोंधळून म्हणालो, "भाऊ, माह्या हातून वस्तू बिघडली." ते हसले नाहीत. "मागच्या खोलीत राह्य," म्हणाले. पदवी होईपर्यंत मी त्या खोलीत राहिलो. वहिनींच्या स्वयंपाकात माझी ताटली धरलेली असायची. आज मी जो काही आहे त्याचा पाया त्या खोलीत आहे, हे मला वर्तमानपत्राच्या या पुरवणीत छापून यावं असं वाटतं, म्हणूनही हे लिहितो आहे.

भाऊ संशयी होते. गावात त्यांची ओळखच तशी होती. पण त्या संशयानेच त्यांना इतकी वर्षं जिवंत ठेवलं होतं. खांबावर चढण्याआधी ते सबस्टेशनला फोन लावायचे आणि लाइन बंद करायला सांगायचे. आपरेटर म्हणायचा, केली. भाऊ म्हणायचे, "बोलून दाखव." मग आपरेटरने लाइनमनचं नाव, लाइनचं नाव आणि 'तू उतरून फोन करतवरी सोडत नाही' हे वाक्य, असं सगळं म्हणायचं. तरी भाऊंचं समाधान व्हायचं नाही. जमिनीत गाडलेल्या सळईला बांधलेली लोखंडी साखळी काठीने तारेवर टाकायची. तार जित्ती असली तर ठिणगी उडून कळतं, आणि नंतर चुकून कोणी लाइन सोडली तरी वीज साखळीतून जमिनीत जाते, माणूस वाचतो. मी एकदा त्यांना म्हणालो, "वासुदेवभाऊ तुमचे एवढे दोस्त, त्यायच्यावरही भरोसा नाही?" ते म्हणाले, "वासुदेवावर हाय. तारेवर नाही. मेलेली तार अन् जित्ती तार दुरून सारखीच दिसते, लेका."

वासुदेव सबस्टेशनचा आपरेटर, भाऊंचा जुना मित्र. दोघं एकाच महिन्यात नोकरीला लागले होते. वासुदेवचा आवाज जाड आणि स्पष्ट होता, फोनवर ऐकला तर माणूस शेजारी बसल्यासारखा वाटे.

कापसाची ती वाईट वर्षं होती. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज छापून येत होतं आणि ते कशासाठी येतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. काचा वर केलेल्या गाड्या बाहेरून यायच्या, फोटो काढून जायच्या. ज्याच्या विहिरीला पाणी होतं त्याला वीज नव्हती. बोंडं धरायच्या दिवसांत लाइन बंद झाली की सबस्टेशनच्या फाटकावर माणसं जमायची, आणि खांबावर लाइनमन दिसला की शिव्या द्यायची. त्या दिवसांत पारा गावाला जाणाऱ्या वाटेवरच्या एका खांबावर भाऊ चढले. साखळी गाडीत होती आणि गाडी दुसऱ्या गावाला गेली होती. खाली शेतकरी उभे, लवकर करा म्हणत होते. भाऊंनी फोन लावला, वासुदेवकडून सगळं बोलवून घेतलं, आणि आयुष्यात एकदाच, साखळीवाचून, नुसत्या एका आवाजावर वर गेले. लाइन जित्ती झाली.

दोन्ही हात कोपराखाली कापावे लागले. वरून पडल्यामुळे मानही धरली, ती शेवटपर्यंत पूर्ण सुटली नाही. यवतमाळच्या दवाखान्यात ते अर्धवट शुद्धीत असताना कार्यालयातून कोणी येऊन त्यांचा जबाब लिहून घेतला. अंगठा नव्हता, म्हणून पायाच्या अंगठ्याला शाई लावून ठसा घेतला. घरी आल्यावर त्या जबाबाची प्रत मी त्यांना वाचून दाखवली. त्यात लिहिलं होतं, 'मी परवानगी न घेता स्वतःच्या जबाबदारीवर खांबावर चढलो.' सबस्टेशनच्या नोंदीत लाइन बंद केल्याचा उल्लेखच नव्हता. वासुदेवने चौकशीत सांगितलं होतं, आठवत नाही. भाऊ बराच वेळ पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "मी बोललो एक. कागदावर उतरलं दुसरं. आता मले माह्या तोंडानं सांगाचं हाय."

मी लगेच कागद घेतला. म्हटलं, तुम्ही बोला, मी लिहितो. ते माझ्याकडे बघून हसले. "तू चांगलं लिहशील. तेच त भेव हाय. मी येडंवाकडं बोलीन, तू सरळ करशील. मंग ते माह्यं राह्यत नाही." मला वाईट वाटलं. पण ज्या माणसाचं बोलणं एकदा दुसऱ्याच्या हाताने बदललं, त्याने कोणाच्या हातावर भरोसा ठेवायचा? तोंडात काडी धरून कळा दाबायचा प्रयत्न त्यांनी केला. मान साथ देईना. त्याच सुमारास नव्या संगणकांमध्ये आवाजाने हुकूम देण्याची सोय आली होती. हात न लावता, नुसतं बोलून खिडक्या उघडायच्या, मिटायच्या, कळ दाबायची. एका क्लासमधून मी तसा संगणक भाऊंच्या बैठकीत आणून ठेवला.

पहिल्याच दिवशी भाऊंनी मला तो भिंतीपासून ओढायला लावला. मागच्या सगळ्या तारा त्यांना बघायच्या होत्या. "ही कुठून येते? ही कुठं जाते?" एकेक तार धरून मी टोक दाखवत गेलो. "बाहेर जाणारी कोनती?" मी म्हटलं, बाहेर जाणारी नाहीच, फोनची जोडणी घेतली नाही. "काय नाही घेतलं, बोलून दाखव." मी बोलून दाखवलं. तरी त्यांनी खिडकीबाहेरची भिंत तपासायला वहिनींना पाठवलं. वहिनींचा संशय आणखी वेगळा. "हे डबडं आयकते म्हन्ता ना," त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मंग आयकलेलं ठेवते कुठं? अन् सांगते कोनाले?" त्या दिवसापासून शेजारणी आल्या की वहिनी संगणकावर टॉवेल टाकत. माहेरच्या गोष्टी बैठकीत बोलणं त्यांनी बंदच केलं. संगणक घरात असेतोवर त्याच्यासमोर त्या नवऱ्याशीही खुणेनेच बोलत, आणि भाऊंना हात नसल्याने ते भुवया उडवून उत्तर देत.

यंत्राला आधी आपला आवाज शिकवावा लागे. पडद्यावर इंग्रजी उतारे येत, ते मोठ्याने वाचायचे. भाऊ आयटीआय शिकलेले. त्यांचं इंग्रजी वाचन अडखळत चालायचं, आणि यंत्र पुन्हा पुन्हा विचारायचं, काय म्हणालात? "हेही परत बोलाले लावते काय?" भाऊ पहिल्यांदा खूश झाले. "हे बरं हाय. हे आपल्या जातीचं हाय." पण मराठी त्याला येत नव्हतं. बोललेलं मराठीत उतरवणारी सोय तेव्हा आमच्यापर्यंत आली नव्हती. तेव्हा मी एक वाट काढली. पडद्यावर मराठी अक्षरांचा कळफलक उघडायचा आणि यंत्राला आकडे दाखवायला सांगायचं. मग प्रत्येक अक्षरावर एक आकडा उमटे. तो आकडा इंग्रजीत उच्चारला की ते अक्षर लिहिलं जाई. मीटरचं वाचन आणि खांबांचे नंबर भाऊ जन्मभर इंग्रजीतच बोलत आले होते. उतारे वाचताना अडखळणारी जीभ आकड्यांवर आली की सरळ चालू लागे. मायक्रोफोन मी लाकडाच्या पट्टीला काळ्या चिकटपट्टीने बांधून त्यांच्या तोंडासमोर बसवला. ती चिकटपट्टी त्यांच्या लाइनच्या पिशवीतली होती.

असं भाऊंचं लिहिणं सुरू झालं. एका शब्दाला किती आकडे लागतात याचा वाचकांनी विचार करावा. त्यात लोडशेडिंग. वीज असेल तेवढा वेळ भाऊ बोलत, "थर्टी वन… नाइन… फोर्टी…" आणि वीज जायची वेळ आली की ठेवायचा हुकूम देत. ठेवलं म्हणून ते थांबत नसत. ती फाइल बंद करून पुन्हा उघडून बघत. वाक्य तसंच आहे ना, की मधल्या वेळात यंत्राने बदललं? "बोलून दाखव," ते पडद्याला म्हणत. उन्हाळ्यात गल्लीकडची खिडकी बंद ठेवावी लागे, कारण गल्लीतून भाजीवाल्याचा भोंगा गेला की यंत्र तोही हुकूम समजून भलतीच अक्षरं मांडी. आर्णीचा उन्हाळा, बंद खिडकी, आणि वहिनी ओल्या कपड्याने त्यांचं कपाळ पुसत… मी म्हणायचो, उघडा ना खिडकी. भाऊ म्हणायचे, "मले कोनी आयकू नाही पायजे." इतका मोठा गोंधळ पुढे झाला, तेव्हा त्यांचं हे वाक्य मला आठवत होतं, आणि आजही आठवतं.

वासुदेव त्या काळातही येत असे. हे मला कधी कळलं नाही. चौकशीत 'आठवत नाही' म्हणणारा माणूस दर आठवड्याला केळी घेऊन येतो, मित्राला हाताने चहा पाजतो, आणि मित्र तो पितो. दोघं खांबांवर, बदल्यांवर, क्रिकेटवर बोलत. त्या दिवसावर कधीच नाही. वासुदेव आला की भाऊ पडदा बंद करत. भाऊंचं लिहिणं चालू असलं तर वासुदेव आत न येता समोरच्या पानठेल्यावर बसून राही. मी एकदा भाऊंना विचारलं, "तुम्हाले काय वाटते? यानंच सोडली का लाइन?" ते म्हणाले, "लाइन बंद करनारा आवाज त्याचा होता. सोडनारा हात कोनाचा, मले नाही दिसला. म्हनून त लिहून राह्यलो. लिहता लिहता दिसीन."

हिवाळा लागला. मी तेव्हा नोकरीसाठी पांढरकवड्याला राहत होतो. त्या दिवाळीला दोन दिवस त्यांच्याकडे होतो तेव्हा त्यांचं लिखाण बरंच पुढे गेलं होतं. वासुदेवला फोन केला, त्याने हे हे शब्द म्हणून दाखवले, मग मी चढलो, इथपर्यंत मी स्वतः पडद्यावर वाचल्याचं मला पक्कं आठवतं. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

त्यानंतर काही आठवड्यांत गल्लीत एक अफवा उठली. भाऊंच्या घरातून रोज आकडे ऐकू येतात, लाइट असली की हा माणूस बंद खोलीत इंग्रजी आकडे बोलतो, म्हणजे नक्कीच सट्ट्याचा आकडा काढतो. वीज अंगातून गेल्यावर माणसाला आकडे दिसतात असंही कोणीतरी सांगितलं. पानठेल्यावर पोरं कान देऊन बसू लागली. एकाचा आकडा लागला आणि मग विचारू नका. वहिनी पाणी भरायला निघाल्या की बायका विचारत, "वहिनी, आज काय बोल्ले भाऊ?" "काय बोल्ले? भाजीत मीठ कमी हाय म्हने," वहिनी उत्तर देत, आणि त्यावर एकजण खरंच विचारी, "मिठाचा कोनता आकडा धरावा?"

मला काळजी वाटली. मी रविवारी आर्णीला गेलो. बैठकीत शिरलो तर गल्लीकडची खिडकी सताड उघडी. पौषातली थंडी, वहिनी अंगावर शाल घेऊन बसलेल्या, आणि खिडकी उघडी. मी म्हटलं, भाऊ, बाहेर पोरं बसली आहेत, आवाज जातो आहे. "जाऊ दे," ते म्हणाले. "हवा येते." जो माणूस मे महिन्यात घामाने निथळत खिडकी बंद ठेवत होता, त्याला पौषात हवा हवी होती. मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी संगणकाकडे बोट दाखवलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

त्याच दिवशी दुपारी जमादार आला. कोणीतरी ठाण्यात सांगितलं होतं. त्याच्या मागोमाग निम्मी गल्ली ओट्यावर चढली, आणि पानठेल्यावरून उठून वासुदेवही दारापाशी येऊन उभा राहिला. जमादार वाईट माणूस नव्हता. हात नसलेल्या माणसाला काय विचारायचं याने तोच अवघडला होता. "रामटेके, हे आकडे कायचे?" त्याने विचारलं. "लिहून राह्यलो साहेब." "आकडे लिहता?" "आकडे बोलतो. अक्षरं लिहतो." जमादारने पडद्याकडे पाहिलं, त्याचा विश्वास बसला नाही. तेव्हा भाऊंनी मायक्रोफोनकडे मान वळवली आणि आकडे बोलायला सुरुवात केली. पडद्यावर एकेक अक्षर आलं. जमादारच्या छातीवरच्या पट्टीवरचं नाव पडद्यावर उमटलं तेव्हा ओट्यावरच्या माणसांनी माना पुढे काढल्या. मग पोरांतला एक हळूच म्हणाला, "म्हन्जे आमी इतके दिवस भाऊच्या लिखानावर आकडा लावून राह्यलो काय बे?" सगळे हसले, जमादारही.

पण तो पोलीस होता. "ठीक हाय," तो म्हणाला, "पन इतके दिवस काय लिहलं, ते त पाहावं लागीन. वाचा." मी पुढे झालो. भाऊ म्हणाले, "तू नको. तू घरचा हायस, म्हनतीन घरच्यानं बनवलं." मग त्यांनी दाराकडे पाहिलं. "वासुदेवा, ये. तू वाच. तुले आयकलेलं परत म्हनाची सवय हाय."

वासुदेव आला. तो आला नसता तर सगळ्यांना प्रश्न पडला असता, म्हणूनही तो आला असेल. त्याने खिशातून चष्मा काढला आणि त्याच्या त्या जाड, स्पष्ट आवाजात वाचू लागला. साखळी गाडीत होती, गाडी दुसऱ्या गावाला होती. खाली माणसं उभी होती. मी वासुदेवला फोन लावला. इथे तो थांबला. पुन्हा वाचू लागला. मी म्हटलं, पाऱ्याची लाइन बंद कर. तो म्हणे, केली. मी म्हटलं, बोलून दाखव… आणि पडद्यावरचं लिखाण तिथे संपलं होतं. त्यापुढे एकही अक्षर नव्हतं. पांढरा पडदा, आणि टोकाला लुकलुकणारी ती रेघ. वासुदेव पडद्याकडे बघत उभा. आणि मग तोच आवाज पुढे बोलला, वाचतो आहे तसाच, फोनवर बोलतो तसाच: "मनोहर. पाऱ्याची लाइन बंद. तू उतरून फोन करतवरी सोडत नाही."

ते शब्द पडद्यावर नव्हते. हे आम्हाला कळायला क्षणभर लागला. वासुदेवला सगळ्यात शेवटी कळलं. त्याने चष्मा काढला, खाली बसला. भाऊ हळू आवाजात म्हणाले, "आयकलं, सगळ्यायनं?" आणि जमादारकडे वळून, "साहेब, काय आयकलं, बोलून दाखवा." जमादारने टोपी काढली आणि ती तीन वाक्यं परत म्हणून दाखवली.

वासुदेवने नंतर जे सांगितलं ते थोडक्यात असं. लाइन बंद केली तेव्हाच त्याची पाळी संपत आली होती. फाटकावर लोक आरडाओरडा करत होते, बोंडं वाळतात म्हणून. त्या गडबडीत त्याने नोंद केली नाही, आणि पुढच्या पाळीच्या माणसाला सांगायचं राहून गेलं; त्याने लाइन सोडली. घरी जेवायला बसल्यावर आठवलं. तो धावत निघाला, तोवर झालं होतं. "मंग मी भेलो, मनोहर," तो म्हणाला. "पयल्या दिवशी भेलो. दुसऱ्या दिवशी सांगाले गेलो असतो, त पयल्या दिवशी काहून नाही सांगितलं, हे सांगा लागलं असतं." पुढे त्याने हे सगळं कार्यालयात लिहून दिलं आणि त्याला त्याची शिक्षा भोगावी लागली. चौकशी पुन्हा झाली. भाऊंनी आपलं लिखाण पूर्ण केलं, आणि त्याखाली ठसा देताना स्वतःच पाय पुढे केला. निर्दोष असल्याचं पत्र आलं त्या दिवशी मी पेढे घेऊन गेलो. भाऊ पत्राकडे बघत म्हणाले, "हे लिहलं कोनं? त्याले बोलून दाखवलं का कोनी?" वहिनींनी तोंडात पेढा कोंबला तेव्हा गप्प बसले.

माझा संशय मात्र तेव्हापासून माझ्यापाशी आहे. दिवाळीत मी ते वाक्य पुढेपर्यंत वाचलं होतं. मग रविवारी ते 'बोलून दाखव'पाशी कसं संपलं? भाऊंना विचारलं तर म्हणाले, भाजीवाल्याचा भोंगा आला, यंत्रानं पुसलं असेल. भाजीवाला हिवाळ्यातही येत होता, हे खरं. पण पौषात खिडकी उघडी का? ज्याला कोणी ऐकू नये असं वाटत होतं, त्याने गल्लीला ऐकू का दिलं? सट्ट्याची अफवा मोडायला एक शब्द पुरला असता, तो शब्द त्यांनी का बोलला नाही? वासुदेव जित्ती तार आहे का मेली, हे कळायला त्यांनी ही साखळी टाकली होती का?… मी हे कधी विचारलं नाही. उत्तर मिळालं असतं तर ते परत बोलून दाखवावं लागलं असतं.

वासुदेव पुढेही येत राहिला. केळी, चहा, क्रिकेट. "तुमी माफ केलं का त्यायले?" मी एकदा विचारलं. भाऊंनी भुवया उडवल्या, वहिनींशी बोलत तशा. "पाहून राह्यलो," म्हणाले. ते पाहणं शेवटपर्यंत चाललं. रात्री जेवून आडवे झाले आणि सकाळी वहिनी चहा घेऊन गेल्या तेव्हा उठले नाहीत. विहारातली माणसं आली, वंदना झाली, आणि निघताना वासुदेव गर्दीच्या टोकाला उभा होता. वहिनींनीच त्याला हाक मारली आणि खांदा द्यायला सांगितलं. त्याने विचारलं, "मी?" वहिनी म्हणाल्या, "हव, तू." तो त्या दिवशी सर्वांत पुढे होता.

काही आठवड्यांनी मी पुन्हा गेलो. बैठक झाडून स्वच्छ केलेली. संगणकावर टॉवेल तसाच, आणि त्याखालून काळ्या चिकटपट्टीची ती पट्टी बाहेर आलेली. वहिनी खुणेने म्हणाल्या, इकडे ये. मला स्वयंपाकघरात नेऊन कुजबुजल्या, "ते अजून आयकते का रे?" मी म्हटलं, लावल्याशिवाय नाही आयकत. "लाव," त्या म्हणाल्या.

मी लावला. लाइट होती. यंत्रात अजून भाऊंच्याच आवाजाची ओळख होती. माझा हुकूम त्याने नीट घेतला नाही, दुसऱ्यांदा बोललो तेव्हा ऐकायला तयार झालं. वहिनी टॉवेल हातात धरून उभ्या होत्या. इतकी वर्षं ज्याच्यासमोर त्या अवाक्षर बोलल्या नाहीत त्याच्यापुढे त्या वाकल्या आणि पट्टीला बांधलेल्या मायक्रोफोनमध्ये म्हणाल्या, "हे गेले."

पडद्यावर इंग्रजीत प्रश्न उमटला.

"काय म्हन्ते?"

"परत बोला म्हन्ते, वहिनी."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "बरोबर हाय," म्हणाल्या. "त्यायनंच शिकवलं असन." मग टॉवेल खांद्यावर टाकून त्यांनी पट्टी जरा आपल्याकडे ओढली, आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत, परत तेच बोलल्या.